फ्रीजवरचा तो तक्ता आधी काढून टाक

पत्र :

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मी घरूनच काम करते, नवरा रात्री साडेनऊच्या आसपास येतो. आमच्याकडे कशालाच धड वेळ नाही. सकाळी सातला त्याला उठवावंच लागतं कारण साडेआठला प्लेग्रुप, दुपारी परत आला की जेवण तासभर चालतं, मग माझे कॉल असतात म्हणून हातात मोबाईल द्यावा लागतो, चार ते सहा झोपतो आणि मग रात्री साडेअकराशिवाय डोळा मिटत नाही. ओळखीतल्या एकीची मुलगी आठच्या ठोक्याला स्वतःहून झोपायला जाते. ते ऐकून मी एक टाइमटेबल केलं, 14 चौकोन, प्रत्येकात वेळ, रंगवून फ्रीजवर लावलं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवसापासून त्या तक्त्याकडे बघितलं की मलाच धडधडतं.

परवा रात्री ब्रश करायला तो ऐकेचना, मी इतकी जोरात ओरडले की तो दचकून मागे सरकला आणि म्हणाला, "आई, तू अजून रागावलीयेस?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. सगळे म्हणतात तू शिस्त लावली नाहीस. मला एकच विचारायचंय, माझ्या टेन्शनमुळे त्याचं रुटीन बिघडतंय की त्याला रुटीन नाही म्हणून मला टेन्शन येतंय? आधी कुठलं सुधारू?

— एक दमलेली आई

उत्तर :

अगं, वाचायच्या आधी उठ आणि तो तक्ता काढ. फाडू नकोस हां, नुसता काढून बाजूला ठेव, त्याचं काय करायचं ते खाली सांगते.

आता तुझा प्रश्न. उत्तर आहे, दोन्ही. आणि हे तुला बरं वाटावं म्हणून मोघम बोलत नाहीये, हे लोकांनी मोजून बघितलंय. 2012 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, मुलं तीन वर्षांची होती तेव्हापासून नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांचं वागणं आणि आईबाबांवरचा ताण असं दोन्ही बघत गेले, आणि निघालं काय, तर आज आईबाबांवर ताण जास्त असेल तर पुढे मुलाचं वागणं अवघड होतं आणि आज वागणं अवघड असेल तर पुढे ताण वाढतो. दोन्हीकडून ढकलाढकली. म्हणजे "चूक कोणाची" हा जो खटला तू रोज रात्री स्वतःवर चालवतेस ना, त्यात आरोपी सापडणारच नाही, कारण तू त्याला दमवतेस आणि तो तुला दमवतो आणि दोघंही मुद्दाम काही करत नाही. यात एक चांगली गोष्ट लपलीये. गोल चक्कर असलं की ते कुठूनही तोडता येतं, सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

आता मला जे तुला खरं सांगायचंय ते हे, की तू ज्याला रुटीन म्हणतेस ते रुटीन नाहीच, ते घड्याळ आहे. आणि साडेतीन वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नाही गं. त्याचं बोलणं नीट ऐक एकदा, मागच्या महिन्यात झालेल्या गोष्टीलाही "काल" म्हणत असेल, "थोड्या वेळाने" म्हटलं की दहा सेकंदांनी "झाला का थोडा वेळ?" विचारत असेल. त्याला वेळ कळत नाही पण क्रम मात्र पक्का कळतो, कशानंतर काय येतं हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं पाठ असतं, रोजच्या गोष्टीतलं एक पान तू गुपचूप वगळून बघ, लगेच पकडतो की नाही. तर मुलाचं रुटीन म्हणजे हे, आंघोळ झाली की हे, हे झालं की ते. पावणेआठ आणि सव्वाआठ हे तुझं दुखणं आहे, त्याचं नाही. तुझ्या 14 चौकोनांत प्रत्येकी एक वेळ, म्हणजे दिवसातून 14 वेळा "आज पण चुकलं" असं स्वतःला सांगायची सोय तू रंगीत पेनांनी करून ठेवलीस. धडधडणार नाही तर काय होईल?

(मीही हे केलेलं आहे. माझी मुलगी लहान होती तेव्हा माझ्या मोबाईलवर सात अलार्म होते, दूध, झोप, खेळ, सगळ्याचे. एकदा अलार्म वाजला आणि ती दोन वर्षांची पोर दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली "आई आता ओरडणार". तिच्या डोक्यात अलार्मचा अर्थ तो झाला होता. त्या दिवशी सहा बंद केले, एक ठेवला.)

आणि टेन्शनचं म्हणशील तर तेही आपण उगाच मोठं काहीतरी समजतो, नोकरी, पैसा, आजारपण. ते असतंच. पण 1990 साली दोन संशोधकांनी लहान मुलांच्या आईबाबांच्या रोजच्या किरकोळ कटकटी मोजल्या होत्या, किरकोळ म्हणजे अगदी किरकोळ, सतत पसारा आवरणं, जेवताना नखरे, बाहेर पडायच्या वेळी आवरून न होणं, झोपायला नकार, मागे लागून कुरकुर. आणि आईबाबांचा मूड नि घरातली चिडचिड समजून घ्यायला आयुष्यातल्या मोठ्या संकटांपेक्षा या बारीकसारीक गोष्टींचा हिशेबच जास्त कामी आला. आता ही यादी परत वाच. जेवण, आवरणं, बाहेर पडणं, झोप. हे तर रुटीनच झालं की! म्हणून तर या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, टेन्शन राहतं कुठे तर रुटीनच्या सांध्यांमध्ये. मूल खेळत असतं तेव्हा बरं असतं, झोपलेलं असतं तेव्हा तर देवमाणूस, सगळी भांडणं होतात ती एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत जाताना. दिवसाचे सांधे दुखतात, हाडं नाही.

तुझा परवाचा ब्रश घे. मी तिथे नव्हते पण कसं झालं असेल ते सांगू का? तू पहिल्यांदा म्हणालीस "चल ब्रश करूया", अगदी गोड आवाजात, आणि म्हणता म्हणता फोनवर एक मेसेज बघत होतीस. तो हलला नाही. तू दुसऱ्यांदा म्हणालीस. तो गाडी चालवत होता, जमिनीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, चाक कसं फिरतं ते बघत. तिसऱ्यांदा आवाज चढला, चौथ्यांदा हात धरलास, त्याने अंग सैल सोडलं (हे सगळ्या पोरांना कोण शिकवतं देव जाणे, एकदम पोतं होतात), पाचव्यांदा तू ओरडलीस. आणि तो उठला. बघ, इथे काय झालं? तुझा मेंदू शिकला की ओरडल्यावर काम होतं, पहिले चार प्रयत्न फुकट. त्याचा मेंदू शिकला की पहिली चार वेळा ऐकायची गरज नसते, खरी सूचना पाचवी असते. आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी तुझ्यात ओरडायचंही त्राण नसेल तेव्हा तू "जाऊ दे, नको करूस" म्हणालीस, तो लगेच शांत झाला, तुझंही डोकं शांत झालं, म्हणजे तेव्हा तो शिकला की ताणून धरलं तर आई सोडते आणि तू शिकलीस की सोडून दिलं तर सुटका होते.

या एकमेकांना जेरीस आणण्याच्या खेळावर जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलंय, आणि त्याचा मुद्दा हाच, की दोघांनाही दर वेळी छोटंसं बक्षीस मिळत असतं म्हणून हे सुटत नाही. वाईट संस्कार, लाड, हल्लीची पिढी, काही संबंध नाही. मग टेन्शनचा यात काय संबंध? तर हा की ताजीतवानी आई तिसऱ्या वेळेला उठून जवळ जाते, दमलेली आई सोफ्यावरूनच आवाज वाढवते. आणि दमलेली आई एक दिवस मोबाईल देते, दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून अजिबात देत नाही, तिसऱ्या दिवशी कॉल असतो म्हणून परत देते. मुलाच्या बाजूने बघ, त्याला नियमच सापडत नाहीये, मग तो रोज विचारून, रडून, लोळून बघणार, आज मिळतो का, आज मिळतो का. तो हट्टी नाही, तो चौकशी करतोय. खरं सांगते, रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास मोबाईल देणारी आई आणि अजिबात न देणारी आई दोघी तुझ्यापेक्षा कमी दमतात, सगळ्यात जास्त दमते ती रोज नव्याने ठरवणारी. रुटीनचा खरा फायदा इथे आहे. मूल शिस्तीचं होतं वगैरे सोड, तुझे दिवसाचे पन्नास निर्णय आणि पन्नास वाटाघाटी वाचतात.

तर आता करायचं काय. एकच गोष्ट. 14 नाही, एक. दिवसाचा शेवटचा पाऊण तास.

सकाळ का नाही? कारण सकाळी घाई असते, घाईत नवीन काही बसत नाही. जेवण का नाही? त्यात भावना फार असतात. झोपेचं रुटीन लावलं की बाकीचं बरंच आपोआप सैल होतं, शिवाय त्यावर चांगलं काम झालेलं आहे. 2009 मध्ये जोडी मिंडेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 405 आया आणि त्यांची सात महिने ते तीन वर्षांची मुलं घेतली, एका गटाला दोन आठवडे रोज रात्री तेच तेच तीन टप्पे करायला सांगितले, आंघोळ, अंगाला हलकं मालिश किंवा लोशन, मग शांतपणे काहीतरी, मिठी, गाणं, आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवे बंद. बस एवढंच. मुलं लवकर झोपायला लागली, रात्री कमी उठायला लागली, आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे आयांचा मूड सुधारला. आयांसाठी वेगळं काही केलंच नव्हतं बरं का, ना समुपदेशन ना काही, नुसता पोराचा शेवटचा अर्धा तास ठरवून दिला. (हा अभ्यास बेबी प्रॉडक्ट विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता हेही सांगून टाकते, त्यामुळे लोशन कुठलं घेऊ हे मला विचारू नकोस, नाही लावलंस तरी चालेल. आणि तुझा मुलगा त्या मुलांपेक्षा थोडा मोठा आहे, पण या वयालाही मी हे चालताना बघितलंय.) पुढे 2015 मध्ये 14 देशांतल्या दहा हजारांवर आयांकडून माहिती घेतली तेव्हा दिसलं की आठवड्यातून जितक्या जास्त रात्री हे होतं तितकी झोप चांगली, आणि एकदोन रात्रीही अजिबात न करण्यापेक्षा बऱ्याच. हे मुद्दाम सांगतेय कारण तू चार दिवस तक्ता पाळून पाचव्या दिवशी चुकला म्हणून सगळं सोडलंस. पाळलेल्या रात्री वाया जात नसतात.

पण आधी थोडं गणित. तो साडेअकरा ते सात झोपतो, साडेसात तास, अधिक दुपारचे दोन, साडेनऊ. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची झोप धरून 10 ते 13 तास सांगितलेत. म्हणजे फार नाही पण रोज थोडी कमी पडतेय, आणि झोप कमी पडलेलं मूल आपल्यासारखं पेंगत नाही, ते उलट पिसाटतं, उड्या मारतं, आणि आपण म्हणतो बघा अजून किती एनर्जी आहे, याला झोप नाहीच येत. आणि सहापर्यंत झोपलेलं पोर साडेआठला कसं झोपेल, तूच सांग. तेव्हा पहिलं काम दुपारचं. जेवण झालं की लगेच, दोन-सव्वादोनलाच आडवं करायचं आणि साडेतीनच्या पुढे झोपू द्यायचं नाही. तुझे कॉल मध्ये येतात हे मला कळतंय, पण बघ, दोन ते साडेतीन तो झोपला तर तुझे कॉल त्याच वेळात बसतात की नाही, मोबाईल द्यायचा प्रश्नच निम्मा सुटतो. पहिले तीनचार दिवस उठवताना रडेल. रडू दे, पडदा सरकव, कुशीत घेऊन बस, उठतो.

रात्री मात्र एकदम साडेअकरावरून नऊवर उडी मारू नकोस, नाहीतर अंधारात दोन तास कुस्ती होईल आणि त्याच्या डोक्यात पलंग म्हणजे भांडण असं बसेल. आत्ता ज्या वेळेला त्याला खरोखर झोप येते त्याच्या पाऊण तास आधी सुरू कर, मग दर दोनतीन दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं मागे आण. सकाळी सातचं उठणं मात्र रविवारीही तेच ठेव, फार तर अर्धा तास इकडेतिकडे. आणि दिवे. हे लोकांना पटत नाही पण 2018 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग झाला, जेमतेम 10 मुलं, झोपायच्या आधी तासभर त्यांना प्रखर उजेडात बसवलं तर झोप आणणारं मेलाटोनिन जवळजवळ 88 टक्के खाली आलं, आणि दिवा बंद केल्यावर पाऊण तासानेही बहुतेकांचं वर आलं नव्हतं. म्हणजे ट्यूबलाइट लखलखतेय, टीव्ही चालू आहे आणि आपण म्हणतोय झोप झोप. त्या पाऊण तासात एखादा बारीक दिवा पुरे.

आता तक्ता आण. उलटा कर. मागची बाजू कोरी असेल, तिच्यावर त्याला चार चित्रं काढायला सांग, आंघोळीची बादली, ब्रश, पुस्तक, बंद दिवा. त्याने काढायची, तू नाही. ब्रश केरसुणीसारखा दिसला तरी चालेल. वेळ लिहायची नाही. आणि मग तू हुकूम सोडायचे नाहीत, तू विचारायचं, "आता काय आलं रे?" तो जाऊन चित्रावर बोट ठेवतो, "ब्रश!", आणि स्वतःच निघतो. दर वेळी निघेल असं नाही, पण जेव्हा निघतो तेव्हा भांडण तू विरुद्ध तो असं राहत नाही, कागदच सांगत असतो. चित्राच्या जागा बदलायच्या नाहीत, पाहुणे आले, उशीर झाला तरी क्रम तोच, फक्त लहान करायचा, आंघोळीऐवजी हातपाय धुणं, पुस्तकाऐवजी दोन ओळींचं गाणं. पाच मिनिटांतही चारही गोष्टी होतात.

आणि सांध्यांचं लक्षात ठेव. खेळातून उठवायचं असेल तर सोफ्यावरून हाक मारू नकोस, जाऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बस, अर्धा मिनिट ती गाडी बघ, "अजून दोन चकरा मग ब्रश" म्हण, दोन चकरा खरंच मोज, आणि मग गाडीलाच बाथरूमपर्यंत चालवत ने. वाटायला वेळखाऊ वाटतं. पण पाच वेळा ओरडून होणारं काम यात एकदाच होतं, आणि तू थरथरत नाहीस नंतर.

आता तुझ्या नवऱ्याचा विषय. तू पत्रात फक्त एक वाक्य लिहिलंयस, "नवरा साडेनऊच्या आसपास येतो", आणि मी ते तीन वेळा वाचलं. मला अंदाज आहे काय होत असेल, तू कसंबसं पोराला शांत करत आणलेलं असतं, बेल वाजते, बाबा येतात, पोर पलंगावरून उडी, बाबा हवेत उडवतायत, गुदगुल्या, दंगा, आणि पुढचे दोन तास तुझे. त्यात त्याचं वाईट काही नाही गं, दिवसभर न दिसलेलं लेकरू आहे, त्याला कोण शांतपणे भेटेल? पण "दंगा करू नका" एवढंच सांगितलंस तर तो आला की पोराला अन् त्याला दोघांनाही वाटेल आई म्हणजे पोलीस. त्यापेक्षा त्या चार चित्रांतली शेवटची दोन त्याला दे. तो येईपर्यंत पहिली दोन झालेली असू देत, पुस्तक आणि दिवा त्याचा. त्याने आल्यावर हातपाय धुवायचे, बारीक दिव्यातच खोलीत जायचं आणि पुस्तक वाचायचं, तू त्या वीस मिनिटांत खोलीत असायचंच नाही. बाहेर भांडी घासत असलीस तरी आत जायचं नाही. सुरुवातीला पोर "आईच पाहिजे" म्हणेल, नवरा वैतागून हाक मारेल, आठवडाभर दोघांकडेही दुर्लक्ष कर. आणि दंगा सकाळी उठल्यावर दहा मिनिटं, तेव्हा हवा तेवढा, पोर सातला उठायलाही तयार होतं त्या लालचेने. पुढे झोप नऊच्या आत सरकली की पुस्तक परत तुझ्याकडे येईल आणि बाबाची भेट फक्त सकाळची राहील, तेव्हा आठवड्यात दोन दिवस लवकर येणं जमतं का हे आत्ताच बोलून ठेवा.

जेवणाचं थोडक्यात सांगते, नाहीतर त्यावरच वेगळं लिहावं लागेल. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपी वाटणी करून दिलीये, काय वाढायचं, कधी आणि कुठे हे आईबाबांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. तू आत्ता दोन्ही ठरवतेस म्हणून तासभर चालतं. पंचवीस मिनिटं, मग ताट उचल, न चिडता, पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत मध्ये काही नाही. वजन नीट वाढत असेल, डॉक्टरांना काही वावगं वाटत नसेल तर एक जेवण अर्धवट राहिल्याने काही होत नाही. पण हे आत्ता नाही, झोपेचं बसल्यावर.

आणि ती आठच्या ठोक्याला झोपणारी मुलगी. हे बघ, अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या जोडप्याने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तान्ह्या वयापासून, आणि मुलांच्या स्वभावाचे नऊ पैलू काढले, त्यातला एक पैलू हाच होता की भूक, झोप, शी हे किती ठरलेल्या वेळी येतं. काही मुलं जन्मतःच घड्याळासारखी, काही अजिबात नाही. त्यांच्याकडची साधारण 40 टक्के मुलं सोपी होती, 10 टक्के अवघड, 15 टक्के नव्या गोष्टीला हळूहळू रुळणारी, बाकीची कुठल्याच खणात न बसणारी. तर त्या मुलीच्या झोपण्यात तिच्या आईचं कर्तृत्व थोडं आणि मुलीचा पिंड जास्त असा माझा संशय आहे. अर्थात हे तिला सांगू नकोस, मैत्री तुटेल. आणि "तू शिस्त लावली नाहीस" म्हणणाऱ्यांना एक संध्याकाळ सहा ते साडेअकरा पोर सांभाळायला दे, फुकट सल्ला देणारे फुकट सांभाळतातही का बघू.

राहिलं ते परवाचं ओरडणं. तू त्याबद्दल लिहिलंयस त्यावरून तुला सगळ्यात जास्त तेच लागलंय. "तू अजून रागावलीयेस?" हा प्रश्न वाचून तुला वाटलं मी याला घाबरवून टाकलं. मला त्यात वेगळं काही दिसतं. ज्या मुलाला आईची खरोखर कायमची भीती असते ते बहुधा असं विचारत नाही, गप्प बसतं. तो विचारतोय म्हणजे त्याला खात्री आहे की राग येतो तसा जातो, फक्त गेला का हे बघतोय. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळांचे चेहरे तासन् तास टिपून बघितले, अगदी चांगल्या जोड्यांमध्येही दोघांचा सूर बऱ्याच वेळा जुळलेला नसतोच, तुटतो आणि परत जुळवतात, तुटतो आणि परत जुळवतात. परत जुळवणं हे जास्त मोलाचं. तेव्हा नळ सोडून रडण्याच्या आधी किंवा नंतर, कसंही, त्याच्याजवळ जाऊन सांगायचं, "आई जोरात ओरडली. तुला भीती वाटली. ओरडायला नको होतं. ब्रश मात्र करायचाय, चल मी धरते." एवढंच. मोठी माफी नको, रडत मिठ्या नको, चॉकलेट तर अजिबात नको, नाहीतर पोराला वाटतं आता आईला आपणच सांभाळायला हवं. आणि शेवटचं वाक्य गाळू नकोस, ब्रशचं. सॉरी म्हटल्यावर नियम सुटला असं नाही व्हायला पाहिजे.

आता जरा तुझ्याबद्दल, कारण पूर्ण पत्रात तू स्वतः किती झोपतेस हे कुठेच नाहीये. तो साडेअकराला झोपल्यावर तू लगेच झोपत नसशीलच, मग "माझा वेळ" म्हणून एक-दीडपर्यंत फोन, आणि सकाळी सातच्या आधी उठणं. म्हणजे घरात झोप कमी पडलेली दोन माणसं आहेत. त्याची झोप एक तास आधी सरकली की तो तास आधी तुझा, त्यात कपडे घड्या घालू नकोस. आणि हे जर नुसतं दमणं नसेल, म्हणजे दोन आठवडे होऊन गेले तरी रोजच उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, तो झोपला तरी तुला झोप येत नाही, किंवा स्वतःला नाहीतर त्याला काही करून टाकावं असे विचार येऊन जातात, तर मग चित्रं, दिवे, पुस्तक सगळं राहू दे आणि डॉक्टरांकडे जा, आणि तसले विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नकोस, आजच. तसंच तो रात्री मोठ्याने घोरत असेल, श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर झोप न येण्याचं कारण रुटीन नसेलही, बालरोगतज्ज्ञांना दाखव.

पहिला आठवडा वाईट जाईल हे आत्ताच सांगते, म्हणजे नंतर मला शिव्या घालू नकोस. नवीन क्रम लावला की मुलं आधी जास्त ताणून बघतात, तुला चौथ्या-पाचव्या दिवशी वाटेल की हे पण फसलं. तेव्हा तक्ता सोडून दिला होतास, आता चित्रं सोडून देऊ नकोस. तीन आठवड्यांनी कळव मला, झोप किती वाजेपर्यंत सरकली ते लिही आणि तू किती वेळा ओरडलीस तेही, शून्य लिहिलंस तर विश्वास ठेवणार नाही. आणि हे उत्तर आज रात्री नवऱ्याला वाचायला दे, सगळं नको वाचायला, बेल वाजते तिथपासून पुढचं पुरे.